चार रीड, म्युझेट, जड आणि जुना इटालियन: या सल्ल्यात खोट कुठे आहे?

बटण ॲकॉर्डियन घ्यायला निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: “आवाज उबदार, भरदार हवा ना? मग एका बटणाला चार रीड (हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असलेला, म्युझेट लावलेला, चांगला वजनदार आणि जुना इटालियन बघ. डोळे झाकून घे.” यातली एकही गोष्ट साफ खोटी नाही, म्हणून तर तो पुढे पुढे जात राहतो. पण एवढ्यावर पैसे मोजले तर पस्तावायची पाळी येते.

आधी रीडची संख्या. पेटीवाल्यांना हे सांगायला नको. खर्ज म्हणजे खालच्या सप्तकाच्या रीड, नर म्हणजे मधल्या. खर्ज-नर पेटीत रीडच्या ओळी दोनच आणि नर-नर पेटीतही दोनच. भरीवपणा मात्र खर्जाच्या ओळीतून येतो. ॲकॉर्डियनमध्येही तीन जाती असतात: मधल्या सप्तकाची रीड, एक सप्तक खालची ‘बसून’ आणि एक सप्तक वरची ‘पिकोलो’. पिकोलो आवाजाला धार देते, ऊब देत नाही. अमेरिकेतल्या लुइझियानातला केजन ॲकॉर्डियन बघा. एकाच रांगेत दहा बटणं, डोक्यावर रीडच्या ओळी चालू-बंद करायच्या चार खुंट्या, सुराला चार रीड. खोकं एवढंसं, पण आवाज असा खणखणीत की नाचणाऱ्यांच्या गलक्यातूनही आरपार जावा. उबदार त्याला कोणी म्हणत नाही. उलट ब्युनोस आयर्सच्या टँगोतला बंदोनिऑन, म्हणजे ॲकॉर्डियनचाच एक भाऊबंद, ऐका. तो गडद, भरलेला आवाज देणाऱ्या जर्मन वाद्यांत प्रत्येक सुराला रीड दोनच, एकमेकींपासून बरोबर एका सप्तकावर आणि आवाजात हेलकावा, म्हणजे थरथर, नसलेल्या. म्हणजे विचारायचं ते ‘किती रीड?’ असं नाही. ‘खालची रीड आहे का, आणि फक्त खालची-मधली जोडी वाजवणारा स्विच आहे का?’ हे विचारा.

शिवाय चार रीड एकदम बोलायच्या तर भात्यातली हवा भराभर संपते. ज्या वाद्यात भाता ओढताना एक सूर आणि दाबताना दुसरा येतो, त्यात दिशा सूरच ठरवतो, मनाला येईल तिथे भाता फिरवता येत नाही. सुरावटीच्या लांब ओळीत धाप लागते ती इथे.

म्युझेटचा घोळ जास्त मोठा आहे. म्युझेट म्हणजे मधल्या सप्तकाच्या दोन किंवा तीन रीड मुद्दाम किंचित वेगळ्या लावणं. एक ४४० हर्ट्झला आणि दुसरी ४४२ ला असेल तर सेकंदाला २ हेलकावे येतात. ४४५ ला असेल तर ५. हे पाच हेलकावे पॅरिसच्या नाचाला शोभतात, पण तो झगमगाट आहे. सावकाश चालीत तोच आवाज थरथरता आणि पातळ वाटतो, आणि शेजारी बासरी किंवा व्हायोलिन असेल तर त्याने नेमकं कोणत्या रीडशी मिळवून घ्यायचं? आयर्लंडमध्ये पाओलो सोप्रानी या इटालियन कंपनीचे जुने बी-सी ॲकॉर्डियन (बटणांची एक रांग बी सुरातली, दुसरी सी सुरातली) घेऊन त्यातला हेलकावा कमी करून घेतलेले वादक पुष्कळ आहेत. दुकानात मोजायला यंत्र लागत नाही. ४४० हर्ट्झचा ‘ए’ हा सूर एकसारख्या दाबाने दहा सेकंद धरा आणि हेलकावे मोजा. वीसच्या आसपास ठीक. पन्नास आले तर ऊब शोधणाऱ्याने पुढे जावं. ‘नंतर लावून घेऊ’ म्हणणं सोपं आहे. भाता ओढताना आणि दाबताना वेगळी जीभ, म्हणजे रीडची थरथरणारी पट्टी, वाजते, म्हणून २३ बटणांच्या, दोन रीडच्या बी-सी वाद्यात उजव्या हाताला ९२ जिभा असतात. एकच ओळ बदलायची म्हटली तरी ४६ जिभा टोकाला किंवा मुळाशी घासायच्या: टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो.

वजनाबद्दल थोडक्यात. कॅसोटो नावाची लाकडी कोठी असेल तर तिचं वजन सत्कारणी लागतं. खालची आणि एक मधली रीड त्या कोठीत बसवलेली असते, आवाज वळण घेऊन बाहेर येतो, वरचे तीक्ष्ण स्वरांश वाटेत दबतात आणि उरतो तो गोल, गडद सूर. पण डाव्या बाजूच्या १२० बेस बटणांच्या यंत्रणेचं ओझं उजव्या हाताच्या आवाजात काडीची भर घालत नाही.

राहिला जुना इटालियन. कास्तेलफिदार्दो या ॲकॉर्डियन बनवणाऱ्या इटालियन गावाच्या कारागिरीबद्दल वादच नाही, पण रीड लाकडी ठोकळ्यांवर बसवतात त्या मधमाश्यांचं मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने, आणि हे मिश्रण म्हातारं होतं. विकणाऱ्याच्या परवानगीने भात्याच्या कडेचे खिळे काढून आत बघा. मेणात नख रुतलं तर ठीक. भुगा पडला तर सगळ्या रीड काढून पुन्हा बसवाव्या लागणार. रीडवरच्या कातडी पट्ट्या मोठ्या रीडपाशी वर वळलेल्या असतील तर खालचे सूर उशिरा बोलतात आणि भाता फिरवताना ‘फट्’ असा आवाज येतो, म्हणजे जिथून ऊब यायची तीच जागा अधू. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या वाद्याच्या पोलादी जिभांवर नारिंगी गंज शोधा. गंजलेली जीभ सुरात राहत नाही. भर उन्हात बंद गाडीत ठेवलेल्याचं मेण मऊ होऊन रीड सरकलेल्या सापडतात.

मग भात्याचे पट्टे सोडा, बटणांची बाजू वर धरा आणि दुसरी बाजू एकही बटण न दाबता लोंबू द्या. भाता अगदी संथ उघडला पाहिजे. धपकन खाली आला तर हवा गळतेय. यानंतर प्रत्येक बटण दोन्ही दिशांना, अगदी फुंकरीएवढ्या दाबाने. खालची रीड तेवढ्यावर बोलली तर ती नीट बसवलेली आहे.

आणि शेवटचा निवाडा मांडीवर घेऊन करू नका. वाजवणाऱ्याचा कान जाळीच्या वर असतो, आवाज समोर जातो. दुसऱ्याला वाजवायला द्या, तीन मीटरवर उभं राहा आणि सुरावटीची एकच ओळ आधी खालच्या-मधल्या जोडीवर, मग सगळ्या रीडवर ऐका.