‘वेळ नाही म्हणून भरती’ असं लिहिणाऱ्या वाचकास

नमस्कार,

किशोरवयीन मुलांना मानसोपचारासाठी दाखल करण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. मुद्दे बरेच आहेत, पण मी अडकले ती या वाक्यावर: “ज्या आईवडिलांना मुलांसाठी वेळ नसतो, तेच त्यांना वॉर्डात कोंडून मोकळे होतात.” हे लिहिताना वाचणारं कुणी आईबाप असेल, हे तुमच्या मनात आलं का?

आधी तुमचं बरोबर आहे ते. फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाचा गुण ‘आठवड्याभरात’ येतो असं मी लिहिलं होतं. ते चूक. साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि आभार मनापासून. पण त्याला ‘अर्धवट माहितीवर लोकांना सल्ले देता’ हे शेपूट जोडायची गरज नव्हती.

आता वेळेबद्दल. माझा मुलगा 15 वर्षांचा असताना त्याच्या खोलीच्या दाराशी मी 11 रात्री बसून काढल्या. बिनपगारी रजा घेतली होती. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात आणि किल्ली माझ्या गळ्यात. पहाटे चारला त्याचे बाबा येऊन मला झोपायला पाठवायचे. बाराव्या रात्री बसल्या जागी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. तो जिन्यात सापडला, सुखरूप. सकाळी आम्ही त्याला दाखल केलं. वेळ होता हो, चोवीस तास होता. झोप आवरली नाही. वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन बघायची, आणि तिची पाळी संपली की झोप झालेली दुसरी यायची. हे दोन माणसांच्या घराला किती दिवस जमेल, तुम्हीच सांगा.

‘कोंडून’ म्हणता. दार बंद असतं, खरं आहे. त्याची बॅग तपासली, बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, आणि पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याला अपमान वाटला, मला बघवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना जे सांगितलं, ते आम्हाला वर्षभर सांगितलं नव्हतं.

औषधांच्या इशाऱ्याचंही तसंच. 2004 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यावरच्या औषधांवर मुलांसाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के मुलांमध्ये दिसलं होतं. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता, हे तुम्ही गाळलंत. हा इशारा तुम्ही भरतीविरुद्धचा पुरावा म्हणून दिलात. मला त्यात उलटं दिसतं. औषध सुरू करताना आणि डोस बदलताना मुलाकडे जवळून लक्ष हवं, असंच तो सांगतो. ज्या मुलाचा जीव आधीच धोक्यात आहे, त्याच्याकडे तसं लक्ष वॉर्डाइतकं कुठे राहतं?

शाळा बुडते, मुलं वॉर्डात एकमेकांकडून स्वतःला इजा करायला शिकतात, डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे, ही तुमची उरलेली यादी. शेवटचं तर मलाही माहीत आहे. पण आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून सुरुवात करणाऱ्याशी मी शाळेच्या हजेरीवर चर्चा करत बसणार नाही.

शिक्षक म्हणून 25 वर्षं मुलं पाहिलीत, असं लिहिलंय. त्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही ती वर्गात पाहिलीत, दिवसाउजेडी. रात्री अडीचला नाही.

माझा मुलगा आता 19 वर्षांचा आहे. तुमची प्रतिक्रिया त्यानेही वाचली आणि म्हणाला, “आई, सोड ना.” मला सोडता येत नाही. मुलाला दाखल करायचं की नाही हे आज रात्रीच ठरवायचंय अशी कुणी आई हा लेख शोधत येते, आणि तिला खाली तुमचं वाक्य दिसतं. प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. तेवढं एक वाक्य तुम्हीच मागे घ्या.