व्यापारी संघाचा सुवर्णमहोत्सवी इतिहास कसा लिहावा

संघाला पन्नास वर्षं झाली की स्मरणिका काढावीच लागते, आणि लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. घाबरू नका. आधी जाहिराती गोळा करा. मागचं कव्हर पतसंस्थेला, आतलं बिल्डरला, मधली पानं ‘शुभेच्छुक’ सराफांना. उरलेल्या जागेत मावेल तेवढाच इतिहास घडला, असं धरून चाला.

इतिवृत्ताची वही मागू नका. प्रत्येक सभा ‘गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी’ आणि सगळ्या सह्या एकाच वळणाच्या. त्यातून काय मिळणार? लढे लिहा. नगरपालिकांची जकात 1999 साली राज्यभर एकदमच उठली, पण ती तुमच्याच निवेदनामुळे, असं ठणकावून सांगा. आवकचा शिक्का असलेली प्रत पानभर छापा.

एलबीटीलाही, म्हणजे स्थानिक संस्था करालाही, एक पान द्या. तो कर फक्त महापालिकांत होता, तुमच्या नगरपरिषदेत कुणी छदामही भरला नाही, हे मनावर घेऊ नका. 2013 मध्ये पाठिंब्याचा बंद पाळला होता ना? मग ऑगस्ट 2015 मध्ये तो कर उठला, हा विजय तुमचाच. 50 कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना तो पुढेही राहिला, पण तेवढी उलाढाल आपल्यात कुणाची आहे? निदान विवरणपत्रात तरी नाही. बंदचा फोटो मात्र नऊच्या आतलाच निवडा. नंतर शटर गुडघाभर वर येतं, बाहेर स्टुलावर पोऱ्या राखणीला बसतो आणि ओळखीचं गिऱ्हाईक वाकून आत शिरतं.

फेरीवाल्यांविरुद्धची निवेदनं तारीखवार द्या. सोबत बाजारपेठेचा फोटो नको. गटारावर टाकलेल्या फरश्या आणि त्यांवरची तेलाच्या डब्यांची थप्पी त्यात स्पष्ट दिसते. साप्ताहिक सुट्टी मोडणाऱ्यांकडून घेतलेला दंड कुठे जमा झाला, हा प्रश्न 2017 च्या नव्या दुकाने कायद्याने आठवडाभर दुकान उघडं ठेवायची मुभा दिल्यावर आपोआप मिटला. त्यावर अर्धी ओळ पुरे.

नोंदणीचा विषय निघालाच तर सावध राहा. संघ संस्था आणि न्यास अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला असेल, तर कार्यकारिणी बदलल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो: सभेची नोटीस, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. एक अर्ज अडला की त्यावर उभे असलेले पुढचे सगळे अडतात. बँकेने खात्यावरच्या सह्या बदलायला परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या कारभाऱ्यांच्या नावांचा, उतारा मागितला, की सगळं उघडं पडतं. म्हणून स्मरणिका आमदारांना द्या, मुख्याधिकाऱ्यांना द्या, धर्मादाय कार्यालयात मात्र चुकूनही पाठवू नका. पान 3 वर ज्या संस्थापक अध्यक्षांना तुम्ही भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आहे, ते तिथे अजून विद्यमान आहेत.