लेक उजवण्याची मिलानी रीत

14व्या शतकात मिलान तुमच्या ताब्यात आहे आणि घरात लग्नाची मुलं आहेत? मग पत्रिका राहू द्या, समोरच्याचं कर्ज बघा. 1360 साली फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या कैदेतून सुटायला 30 लाख सोन्याची नाणी जमवत होता. मिलानच्या गालेआत्सो विस्कोंतीने थैली सैल सोडली आणि राजकन्या इझाबेल सून म्हणून घरात आली. नवरदेव जान गालेआत्सो 9 वर्षांचा, नवरी 3 वर्षांनी थोरली. चर्चच्या हिशेबी मुलगा 14चा हवा. पण सोनं मोजून झाल्यावर वय कोण मोजतं?

मुलीला हुंडा देताना मात्र तो परत कसा येईल ते यादीत आधी लिहून घ्या. गालेआत्सोने आपली लेक व्हिओलान्ते 1368मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राला दिली, 2 लाख फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून. पंगतीची चर्चा अजून चालते. जावई ऑक्टोबरातच वारला आणि विषाची कुजबुज तुमच्या दारात आली.

पहिली सून गेली की चुलतबहीणसुद्धा चालते, पोपची सूट तेवढी काढा. जान गालेआत्सोने 1380मध्ये मिलानच्या सत्तेतला वाटेकरी काका बर्नाबो याची लेक कातेरीना केली. फायदा असा की काका सासरेही झाले, म्हणजे बेसावध राहिले. मे 1385मध्ये जावई देवदर्शनाला निघाले, बरोबर भरपूर हत्यारबंद स्वार. सासरे कौतुकाने सामोरे गेले ते थेट कैदेत. डिसेंबरात त्रेत्सोच्या किल्ल्यात संपले.

काकाला संपवण्याआधी त्याच्या मुली कुठे कुठे दिल्यात, तेवढं बघायचं. बर्नाबोची तादेआ बव्हेरियात होती. तिची लेक इझाबो त्याच जुलैत फ्रान्सची राणी झाली! आणि तुम्ही, म्हणजे जान गालेआत्सोने, इझाबेलपासूनची लेक व्हालेंतीना 1389मध्ये कुठे धाडली? मामाच्या घरी, राजाच्या धाकट्या भावाला. म्हणजे इझाबोची जाऊ. आजोबांच्या मारेकऱ्याची मुलगी रोज समोर, नांदा सौख्यभरे. पुढे राजाला वेड लागलं, व्हालेंतीना त्याची समजूत घालायची, तर तिच्यावरच चेटकाचा आळ आला. 1396मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं.

तिच्या हुंड्यात साडेचार लाख फ्लोरिन आणि उत्तर इटलीतलं अस्ती शहर होतं. शिवाय 1387च्या करारात एक कलम: आमच्यात पुरुष वारस न उरल्यास मिलान हिच्याकडे. वाटाघाटीत अशी कलमं फुकट वाटतात. जान गालेआत्सोचा थोरला मुलगा 1412मध्ये खून होऊन गेला, धाकटा 1447मध्ये मुलगा नसताना वारला. 1499मध्ये व्हालेंतीनाचा नातू, फ्रान्सचा राजा बारावा लुई, मिलान मागायला निघाला. फौजेच्या तळाची अडचण नव्हती, अस्ती घरचंच होतं.