डिकी लिटरमध्ये मोजतात, कुत्रा नाही

गेल्या जुलैत सासरच्या वाडीच्या चढणीवर आमची गाडी अडकली. दापोली तालुक्यातली लाल माती, दोन दिवस न थांबलेला पाऊस, मागे दोन कुत्रे आणि त्यांच्या पायाशी पंधरा किलो तांदूळ. पुढची चाकं गरगर फिरतायत, गाडी तसूभर पुढे जात नाही, उलट इंच-इंच मागे गटाराकडे सरकतेय. शेवटी शेजारचे चार गडी आले, पोती टाकली, ढकललं. त्यातल्या एकाच्या तोंडावर माझ्या चाकाने उडवलेला चिखल अजून मला स्वप्नात दिसतो. भला माणूस, हसून म्हणाला, "वैनी, गाडी बदला आता."

बदलते ना! बदलायला निघाल्यालाच वर्ष झालं. कर्ज मंजूर झालं, त्याची मुदत संपली, पुन्हा मंजूर करून घेतलं. गाडी मात्र नाही. कारण या देशात चारही चाकांना ताकद मिळणारी, कुत्र्याला चढता-उतरता येईल अशी, आणि घर गहाण न टाकता घेता येईल अशी गाडी मागणं हा बहुधा चेष्टेचा विषय आहे.

आधी माझं कुटुंब सांगते. बंडू, लॅब्रॅडॉर, नऊ वर्षांचा, चौतीस किलो. त्याच्या खुब्याचा सांधा सैल आहे. लॅब्रॅडॉरमध्ये हे दुखणं फार, आणि डॉक्टरांनी उड्या मारायला सक्त मनाई केलीय. दुसरी चिंगी, गावठी, एकोणीस किलो, स्वतःला वाघीण समजते. बंडूला पुण्यात कुणाकडे ठेवलं की तो जेवण सोडतो, म्हणून दोघं कायम बरोबर. रस्ता ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली. डांबर असेपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार शेवटच्या दीड किलोमीटरची आहे, आणि सासूबाई त्या दीड किलोमीटरच्या पलीकडे राहतात.

आता साधं गणित बघा. चढावर गाडीचं वजन मागे जातं. त्यात मागे त्रेपन्न किलो कुत्रे आणि वर तांदूळ. म्हणजे पुढची चाकं आणखी हलकी. आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची सगळी ताकद नेमकी त्या हलक्या झालेल्या पुढच्या चाकांनाच. मग ती जागच्या जागी फिरणार नाहीत तर काय करतील? मागची दोन चाकं पाहुण्यासारखी नुसती बसून. त्यांनाही कामाला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. मला दगडधोंड्यांवरून उड्या मारायच्या नाहीत, नदीत गाडी घालून फोटो काढायचा नाही. सासरी जायचंय!

पण शोरूममध्ये हे बोलले की समोरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, एसयूव्हीच आहे ना ही. ग्राउंड क्लिअरन्स बघा." अरे बाबा, ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट दगडाला लागत नाही. चिखलात पकड मिळते असं नाही. उंच टाचांच्या चपला घालून शेवाळावर उभं राहिलं म्हणून पाय घसरायचा थांबतो का? अंगावर काळं प्लास्टिक चिकटवलं, छपरावर दांड्या लावल्या, नाक उंच केलं की झाली एसयूव्ही. खाली बघावं तर हॅचबॅकसारखी पुढचीच दोन चाकं ओढतायत. क्रेटाची ऑल व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली, रशियात विकली गेली, इथे कधीच नाही. हॅरियरची कौतुकं लँड रोव्हरच्या डी-८ वरून बेतलेला सांगाडा म्हणून गायली गेली, पण डिझेल हॅरियरची ओढणारी चाकं दोनच. २०२५ मध्ये विजेवरची हॅरियर चारही चाकांना मोटरची ताकद घेऊन आली, तर ती पार तीस लाखांच्या घरात. तेवढे असते तर मी त्या चढणीवर स्वतःच्या पैशाने काँक्रीट टाकलं असतं.

माझा नवरा गाडी चालवत नाही. लायसन्सच नाही. तो शेजारी बसून गाणी लावतो आणि चिंगीला बिस्किटं भरवतो. पण शोरूममध्ये पाऊल ठेवलं की तिथला मुलगा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ताकद, समजावणार त्याला, आणि माझ्याकडे वळून विचारणार, "मॅडम, कलर कुठला बघताय?" मी म्हटलं, लाल मातीचा. त्याने खरंच कार्डात शोधला हो!

मी पर्समधून शिवणाचं टेप काढलं आणि डिकीचा उंबरठा जमिनीपासून किती उंच ते मोजायला लागले, तर तिघं गोळा झाले. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला मला सापडला नाही. माझ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. उंबरठा माझ्या कमरेला लागत असेल तर बंडू आत जाणार कसा? चौतीस किलोचं ओलं, लाळगळतं पोतं दर चहाच्या थांब्याला मीच उचलायचं. आणि उंबरठ्याच्या आत जमीन पुन्हा वीतभर खोल असेल तर म्हातारा कुत्रा उतरताना त्याच काठावर पोट घासतो. विचारलं, डिकीत पट्टा अडकवायला मजबूत हुक आहे का? उत्तर: "हो मॅडम, पर्स लटकवू शकता."

मग ते लिटर. डिकी तीनशे अमुक लिटर, चारशे तमुक लिटर. मला कुत्रा ओतायचा नाहीये! ही मापं वीस सेंटिमीटर बाय दहा बाय पाच अशा एक-एक लिटरच्या ठोकळ्यांनी काढतात, कानाकोपऱ्यांत ठोकळे कोंबून. बंडूला कोपऱ्यात कोंबता येत नाही. त्याला आडवं पडायला सपाट जागा लागते, उठून फिरायला उंची लागते, आणि मागच्या दाराचा उतार एवढा नको की दार लावताना त्याच्या डोक्यात बसेल. पण तिरकं छप्पर दिसायला छान दिसतं ना! कूपे म्हणे. माझ्या कुत्र्याची मान वाकडी करून तुमची कूपे.

टेस्ट ड्राइव्हचा तमाशा तर वेगळाच. बंडूला घेऊन गेले, स्वतःची चादर घेऊन गेले, अंथरून दाखवली. गेटवरच्या काकांनी बंडूचे लाड केले, पण मॅनेजर म्हणाले, डेमो गाडीत पेट अलाऊड नाही. बरं, तुमची गाडी, तुमचा नियम, केस पडतात हे मलाही मान्य. मग निदान गाडी तरी दाखवा. तर दाखवायला आणलेली दोनच चाकांना ताकद असलेली निघाली! "मॅडम, चालवायला सेमच आहे." अरे, सेमच असती तर मी इथे कशाला आले असते? सपाट रस्त्याने सिग्नलपर्यंत जायचं, यू-टर्न मारायचा आणि परत यायचं. एवढ्यावर पंधरा-वीस लाखांचा निर्णय घ्यायचा. चारही चाकांवालीची ऑर्डर द्यावी लागेल, थांबावं लागेल, टू व्हीलवाली मात्र उद्या देतो आणि वर डिस्काउंट. म्हणजे मासळी मागायला गेलं तर म्हणे भेंडी ताजी आहे.

बरं, आहेत त्या बघू म्हटलं.

जिम्नी. गाडी म्हणून माझा जीव आहे तिच्यावर. हलकी, काटक, आमची चढण शिट्टी वाजवत चढेल. पण डिकी २०८ लिटर. तिथे चिंगीसुद्धा उभ्या-उभ्या प्रवास करेल. मागची सीट पाडली तर कुत्र्यांची सोय होते, पण मग सासूबाईंना तपासणीला पुण्याला आणायचं तर त्यांना काय छपरावर बसवू? मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी, म्हणजे घाटात चहाच्या टपरीला भिंतीला लावून गाडी उभी केली की कुत्रे आतच. त्यात करांची गंमत बघा. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के जीएसटी आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. लहान म्हणजे चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत. जिम्नी ३,९८५ मिलिमीटर लांब, म्हणजे पंधरा मिलिमीटर राखून लहान. पण इंजिन १,४६२ सीसी. म्हणजे डिकी लहान गाडीची आणि कर मोठ्या गाडीचा.

थार रॉक्स. जागा आहे, पाच दारं आहेत, ताकद तर विचारूच नका. पण फोर बाय फोर हवी तर डिझेलच घ्या, आणि महाराष्ट्रात डिझेलला रस्ता करही जास्त. मागचं दार पुन्हा बाजूलाच उघडणारं. आणि ती इतकी उंच की बंडूला चढवायला मला क्रेन लागेल. ऑगस्ट २०२४ मध्ये ती आली तेव्हा आतल्या सीट पांढऱ्याशुभ्र होत्या. चिखलात जाणाऱ्या गाडीला पांढऱ्या सीट! लोकांनी एवढी बोंब मारली की पुढे फोर बाय फोरला तपकिरी रंग द्यावा लागला. ज्यांनी बोंब मारली त्यांना माझा साष्टांग नमस्कार. स्कॉर्पिओ-एनचंही तेच, फोर बाय फोर फक्त डिझेलला, वर तिसरी रांग, जी जमिनीत सपाट जात नाही. मला तिसरी रांग नकोय. काढून द्या म्हटलं तर म्हणतात वॉरंटी.

राहता राहिल्या मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी. खरं सांगायचं तर कागदावर याच माझ्या गाड्या. चाकं घसरायला लागली की आपोआप मागच्या चाकांना ताकद जाते. वाडीचा रस्ता म्हणजे पाच फूट डांबर, दहा फूट चिखल, पुन्हा डांबर. तिथे हेच हवं. हाताने लावायचं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालू ठेवलं तर वळताना गाडी अडते आणि आतली यंत्रणा ताणली जाते. हा फरक मी शोरूममधल्या पोराला समजावला, त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "सेमच असतं" म्हणून सांगितलं. विटारातल्या त्या चक्रीवर चार मोड आहेत, ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. स्नो! दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात हे खरं, पण बर्फ पडायला अजून वेळ आहे. शेणखत मोड द्या, वापरीन.

पण डिकी ३७३ लिटर, म्हणजे बंडू एकटा मावेल, चिंगी मागच्या सीटवर. आणि ज्या व्हेरिएंटला ऑल व्हील मिळते त्यालाच काचेचं छप्पर. मला ते छप्पर नको! एप्रिलमध्ये माणगावच्या उन्हात कुत्रा त्या काचेखाली भाजून निघेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. एसीचे झोत मागच्या सीटपर्यंत, डिकीत वाऱ्याचा पत्ता नाही. मी हे सांगतेय आणि समोरचा काय म्हणतो? "सनरूफमधून डॉगी डोकं बाहेर काढेल मॅडम, मस्त फोटो येतो." ताम्हिणीत समोरून डंपर येत असताना काढू का फोटो?

(पावसात तर उलटी तऱ्हा. दोन ओले कुत्रे गाडीत धापा टाकायला लागले की दोन मिनिटांत सगळ्या काचा धुरकटतात. एसी चालू, बाहेरची हवा आत, मागच्या काचेच्या तारा चालू, तरी मी हातात फडकं धरून चालवते. यावर कुणी गाडीवाला परीक्षण लिहीत नाही. ते शून्य ते शंभर किती सेकंदांत ते सांगतात. मला शून्य ते चाळीस पुरे, काच स्वच्छ हवी.)

माझी मावसबहीण अमेरिकेत ओरेगनला असते. तिच्याकडे सुबारू आउटबॅक. लांब, बसकी, सपाट डिकी, चारही चाकांना ताकद, मागे तिचा कुत्रा जहागीरदारासारखा लोळतोय. दर रविवारी फोटो पाठवते. मी तिला म्यूट केलंय. ती कंपनी तिथे कुत्र्यांना घेऊन जाहिराती करते, आणि इथे गाडी विकायलाच आली नाही. आली म्हणायची तर वीसएक वर्षांपूर्वी फॉरेस्टर शेवरलेचं नाव लावून आली होती, कुणी फारशी घेतली नाही. आपल्याला लांब डिकीची गाडी म्हटलं की शववाहिका आठवते. बलेनो अल्टुरा आली, गेली. ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, गेली. मागे डबा नको, उंच हवी, दिसायला दांडगी हवी. आता भोगा.

आणि डस्टर! आठवलं तरी पोटात कालवतं. २०१४ मध्ये डस्टरची ऑल व्हील आली होती. जास्त ताकदीची डिझेल, एक साधी चक्री, टू व्हील, ऑटो, लॉक. ४१० लिटरची डिकी, ना काचेचं छप्पर ना नखरे. २०२० मध्ये बीएस-६ हा गाडीच्या धुराचा नवा नियम आला आणि ती डिझेल गेली. तेव्हा माझा बंडू तीन वर्षांचा होता, उड्या मारत होता, आणि मी म्हटलं होतं, घेऊ की पुढच्या वर्षी. आता जुनी शोधते तर मालक सोडत नाहीत. बाजारात दिसते ती दिल्लीहून आलेली, तिथे दहा वर्षांवरची डिझेल चालत नव्हती म्हणून इकडे पाठवलेली. मीटरवर साठ हजार किलोमीटर आणि स्टेअरिंगचं कातडं दोन लाख किलोमीटर झिजलेलं.

घरचे सल्ले तर फुकट आहेत. काका म्हणतात, आम्ही लाल डब्याने जायचो, एसटी कुठे ऑल व्हील असते? काका, एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून तुम्ही चालत जायचात, बंडूला पाठंगुळीला मारून नव्हे. शेजारच्या वहिनी म्हणतात, एवढ्या पैशात कुत्र्यांना फाइव्ह स्टार हॉस्टेलला ठेवता येईल. नवरा म्हणतो, "अगं, आपण बंडूसाठी सुताराकडून फळी करून घेऊ." ही एकच सूचना कामाची. सुताराने फळी केली, वर जुनी सतरंजी ठोकली. बंडू त्यावरून ऐटीत चढतो. फक्त आता ती फळी ठेवायला डिकीत जागा नाही.

काल त्याच शोरूममधून मेसेज आला. गणपती धमाका ऑफर, आजच बुक करा, सोबत मोफत भेट. भेट काय, तर डॅशबोर्डवर ठेवायचा, मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा.