रॅम्प झाला, आता कान-डोळ्यांचंही बघूया

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. तरी सोयीची इमारत म्हटलं की आपण रॅम्प आणि कठड्यापाशीच थांबतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही नवं बसस्थानक किंवा दवाखाना होत असेल, तर नकाशा पास होण्याआधीच पुढच्या गोष्टी मागून घ्या.

आधी आवाज. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा, आवाज शोषणारं काहीच नाही. मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. ती घुमत राहिली तर तिथं घोषणा कुणालाच नीट कळणार नाही. मग आवाज वाढवतात आणि घुमणंही वाढतं. खरी चूक एकच भोंगा लावण्यात असते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणून टोकापर्यंत पोचवायचं तर भोंग्याखालच्यांचे कान किटतात. स्वमग्न पोर कान दाबून खाली बसतं ते इथंच, आणि लोक म्हणतात हट्टी आहे. थोड्या थोड्या अंतरावर छोटे स्पीकर लावा, आवाज हळू ठेवा, छताला वूडवूलचे, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचे, आवाज शोषणारे बोर्ड बसवा. श्रवणयंत्रवाल्या आजोबांनाही तेव्हाच शब्द लागतो, कारण यंत्र घुमणारा आवाजसुद्धा मोठा करून देतं.

जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्यांना जाणवत नाही, पण काहींचं डोकं धरतं. स्वस्त एलईडीतही हा दोष असतो. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा, उजेड फडफडताना दिसला तर तो दिवा घेऊ नका.

आता पाट्या. आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक फलाटाला मोठा आकडा, एक रंग, एक चित्र, आणि तेच प्रवेशद्वारावर, खांबावर, चौकशीच्या खिडकीवर. अक्षरं जुळवायला वेळ लागणाऱ्या मुलाला ते लागतंच. पण यल्लम्माच्या यात्रेला निघालेल्या, कन्नड वाचता न येणाऱ्या कोल्हापूरकडच्या आजींनाही "गाडी कुठं लागते ओ?" म्हणत फिरावं लागत नाही. नुसत्या रंगावर मात्र भागवू नका, काहींना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. आणि फलाट बदलला तर जुनी पाटी त्याच दिवशी उतरवा.

गोंगाटातून बाजूला बसायला वेगळी शांत खोली बांधू नका. तिला कुलूप लागतं, मग आत झाडू-बादल्या येतात. त्यापेक्षा भिंतीला टेकून एक बाक ठेवा, दोन्ही बाजूंना चार फुटांचा आडोसा करा. समोर मोकळं हवं, बसल्या जागेवरून फलाट दिसला पाहिजे. गाडी चुकायची धास्ती असेल तर तिथं स्वमग्न पोराला घेऊन आई बसणार नाही, तान्ह्याला पाजणारीही बसणार नाही.