धर्मराज चुकला, हे सांगायला कसली लाज?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय. देवळात सप्ताह चालू आहे, महाभारताची कथा. सहावीतल्या माझ्या भाच्याने भर मंडपात विचारलं, "धर्मराजाने द्रौपदीला पणाला का लावलं?" तर महाराज म्हणाले, "मोठ्यांच्या चुका काढू नये बाळा, ती लीला." सगळा मंडप हसला. पोरगं मान खाली घालून घरी आलं.

लीला कसली? आधी नकुल, मग सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः आणि शेवटी द्रौपदी. एकेक डाव सभापर्वात लिहून ठेवलाय. व्यासांना झाकायचं असतं तर झाकता आलं नसतं का? आणि हे लीला सांगतात त्याच मंडपामागे, निंबाखाली, आखाजीचे पत्ते पडलेत. दोन दिवस झाले, माणसं जेवायलासुद्धा उठत नाहीत. तिथे सांगा ना धर्मराजाची गोष्ट!

मी नऊ वर्षांची होते. अशाच आखाजीला आप्पा आईच्या पाटल्या हरून आले. पहाटे ओट्यावर बसले, घरात यायची हिंमत नव्हती. आई एक शब्द बोलली नाही. ओल्या हाताने घागर पुसत राहिली, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिली. मनगटं मोकळी. द्रौपदीने सभेत विचारलं होतं, आधी स्वतःला हरले की मला? आईने तेवढंही विचारलं नाही.

आजी बाहेर आली. तिला अक्षर येत नव्हतं, पोथी सगळी ऐकून पाठ. म्हणाली, "ऊठ रे भो. धर्मराजबी हरना व्हता. पन तो परत बसना, तू बसू नको."

परत बसला, हेच तर कोणी सांगत नाही. द्रौपदीमुळे सगळं परत मिळालं होतं, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. पुन्हा बोलावणं आलं आणि हा पुन्हा जाऊन बसला. बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, तो त्या दुसऱ्या डावाचा.

लहान पोरांसमोर वस्त्रहरण किती सांगायचं, हा मुद्दा आहे. मान्य. पण विचारणाऱ्याला हसायचं?

आप्पांनी त्यानंतर पत्त्याला हात लावला नाही. पाटल्या काही परत आल्या नाहीत. आईने बारा-तेरा वर्षं काचेच्या बांगड्यांवर काढली, मग आप्पांनी कापसाच्या पैशातून नव्या केल्या, पहिल्यांपेक्षा हलक्या. आज हे लिहिताना त्यांच्यावरचा राग शोधतेय, तर सापडत नाही.

रात्री जेवताना भाच्याला सगळं सभापर्व सांगितलं. त्याने विचारलं, "आत्या, एकदा सुटल्यावर तो दुसऱ्यांदा गेलाच कसा?" मी म्हणाले, धृतराष्ट्राचं बोलावणं, मोठ्यांना नाही कसं म्हणणार.

ओसरीतून आप्पांचा आवाज आला. "तसं नसतं बेटा. वाटतं, या एका डावात सगळं फिटेल."

आईने त्यांच्या ताटात आमरस वाढला.