हलव्याला काटा येईना

ताईच्या नातवाचं यंदा पहिलं बोरन्हाण. आईने डिसेंबरातच जाहीर करून टाकलं, दागिन्यांचा हलवा घरीच करायचा, विकतचा नको. आता आई ७८ वर्षांची, आणि काटेरी हलवा म्हणजे पहाटेच्या गारठ्यात परात मंद आचेवर ठेवून त्यात पाव वाटी तीळ, त्यावर चमचा चमचा एकतारी पाक, आणि तो वाळेपर्यंत बोटांनी हळूहळू फिरवत बसायचं, मग पुढचा चमचा, असं तीन-चार दिवस. मी म्हटलं, आई तू राहू दे, मी मशीन बनवतो.

इथे बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते मी दुर्लक्षित केलं.

बाल्कनीत माझं वर्कशॉप आहे (बायको त्याला अडगळ म्हणते). रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि गाडीच्या वायपरची मोटर घेऊन आलो, कारण टेबल फॅनची मोटर लावली तर तीळ थेट शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जातील एवढं मला कळतं. वायपरची मोटर बारा व्होल्टची, ताकद भरपूर, चाल संथ, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे. इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडली. परात मात्र पितळेची हवी होती, ती आईची, लग्नातली. मधोमध ड्रिल मारून नट-बोल्टने मोटरवर बसवली. आई तेव्हा दुपारची झोपली होती.

आता परात फिरणार म्हटल्यावर ती गॅसवर कशी ठेवणार? बायकोचा हेअर ड्रायर आणला. पहिल्याच झोतात अर्धे तीळ उडाले, ते अजून कुठल्या कुठल्या कोपऱ्यात सापडताहेत. मग दोनशे वॅटचा बल्ब वर टांगला. पाक थेंब थेंब पडावा म्हणून सलाइनची नळी लावली, ही आयडिया मला स्वतःलाच फार आवडली होती, पण एकतारी पाक नळीत गार झाला आणि आत साखरेची कांडी तयार झाली, ती काढायला पिन घातली तर पिनही आतच राहिली. वैतागून मी पळी घेतली आणि ओतला पाक.

तीळ एकमेकांना जे चिकटले! पाच मिनिटांत परातीत एक लाडू गरागरा फिरत होता. मोटरला दोष नाही, ती बिचारी अखंड फिरत होती. इकडे बॅटरी उतरली, तेवढ्यात नेमके लाइट गेले आणि आईची मालिका ऐन भांडणात बंद पडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो तर आई स्वयंपाकघरात स्टीलच्या परातीपुढे बसलेली, खांद्यावर शाल, गॅस एवढासा. चमचाभर पाक, मग बोटं. ती बोटं तिळाला दाबत नाहीत, नुसती वरून सरकतात, आणि पाक वाळताना बारीक खरखर आवाज येतो. "जास्त तापला तर साखर सुटते, घाई केली तर गोळे होतात, बस इथे," म्हणाली. मी बसलो. तासाभरात माझी तर्जनी लाल झाली आणि माझ्या वाट्याचे तीळ जेमतेम पांढरे झाले. तिच्या वाट्याच्याला तिसऱ्या सकाळी काटा फुटला. खोटं नाही सांगत, कौतुकाने मी भिंग आणून बघितलं.

मोटर सोडवली, पितळी परातीचं भोक एपॉक्सीनं बुजवलं, वरून पॉलिश मारलं आणि गुपचूप फळीवर ठेवली. एवढं छान काम मी आयुष्यात केलेलं नाही.

१३ जानेवारीला भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी करायची म्हणून आईने नेमकी तीच परात काढली, मोठी आहे ना. पिठात कढत पाणी ओतलं. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो.

"अरे," आतून आवाज आला, "हे पाणी ओट्यावर कुठून येतंय?"